ओज, ऑक्झिन आणि ऑगमेंट

डाळिंबाची गुटी बांधताना, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फुटवताना, तिची साल गोल काढतात, त्या जागी 'आयबीए' हे संजीवक, म्हणजे वाढीला चालना देणारं द्रव्य, लावतात आणि ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक आवळतात. काही आठवड्यांत तिथे मुळं दिसू लागतात. आयबीए हे ऑक्झिन गटातलं संजीवक.

ऑक्झिनचा माग लावला तो नेदरलँड्समधल्या फ्रिट्स वेंट यांनी, 1926 ते 1928 या काळात. ओटच्या कोवळ्या कोंबांचे शेंडे कापून त्यांनी ते अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, तुकड्यावर ठेवले. मग शेंडे बाजूला करून नुसता अगार कोंबाच्या कापलेल्या टोकावर, एका कडेला ठेवला. त्या कडेची वाढ जास्त झाली आणि कोंब दुसरीकडे वाकला. म्हणजे वाढीचा निरोप देणारं काहीतरी शेंड्यातून अगारमध्ये उतरलं होतं. 1931 मध्ये त्या द्रव्याला नाव मिळालं ऑक्झिन. ग्रीक भाषेत 'ऑक्सेइन' म्हणजे वाढवणं.

याच क्रियापदाचं लॅटिन भावंड म्हणजे 'ऑगेरे'. त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'ऑगमेंट' आला: असलेल्यात भर घालणं. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीमध्ये समोरचं जग तसंच राहतं, त्यावर चित्रांची भर पडते. लिलावाचा 'ऑक्शन' याच घरातला, कारण तिथे बोली चढत जाते. 'ऑथर'सुद्धा इथलाच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वाढवणारा, उभं करणारा. लेखकाला इतकं सुंदर नाव दुसरं मिळालं नसतं.

पण मला खरा आनंद झाला तो आपल्या घरातली नातलग मंडळी सापडल्यावर. संस्कृतातला 'ओजस्', आपलं ओज, हाही या ग्रीक-लॅटिन शब्दांच्याच मूळ धातूचा, म्हणजे या भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या मूळ शब्दरूपाचा. हा धातू कुठे लिहिलेला सापडत नाही. वेगवेगळ्या भाषांमधले शब्द शेजारी ठेवून अभ्यासकांनी तो उभा केला आहे. त्यामागे नुसतं उच्चारांचं साम्य नसून ध्वनिबदलाचे नियम आहेत. मूळच्या 'अउ'चा संस्कृतात 'ओ' होतो, आणि पुढे मुळात 'ए' असेल तर 'ग'चा 'ज' होतो. ओजस् असा घडला. जिथे पुढे 'ए' नव्हता तिथे 'ग' टिकला, आणि तो 'उग्र' या शब्दात आजही ऐकू येतो.

आणखी एक धागा व्याकरणाचा. 'गच्छति' म्हणजे जातो आणि 'अगच्छत्' म्हणजे गेला. भूतकाळासाठी पुढे जोडलेल्या या 'अ'ला पाणिनीय परंपरेत 'अट्' आगम म्हणतात. प्राचीन ग्रीकमध्येही भूतकाळाच्या रूपांना पुढे असाच 'ए' लागतो. दोन्ही भाषांतल्या या जादा स्वराला युरोपीय व्याकरणकारांनी एकच नाव दिलं: ऑगमेंट.