14 इंची बँडसॉ भंगारात का जात नाही

अमेरिकेत कुणाच्या गॅरेजमध्ये जुनी बँडसॉ सुटी करून मांडलेली दिसली, तर ती बहुधा डेल्टा कंपनीची 14 इंची असते, नाहीतर तिची नक्कल. बँडसॉ म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या अखंड पट्टीसारख्या पात्याची करवत; 14 इंच हे त्या चाकाचं माप.

आधीची लाकूडकामाची यंत्रं कारखान्यांसाठीच बनत. छताखाली एक लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे एकेका यंत्रावर उतरायचे. बेअरिंग म्हणजे बॅबिट, शाफ्टभोवती जागेवरच ओतलेला मऊ मिश्रधातू. झिजलं की वितळवून पुन्हा ओता. घरी हे करायला छाती लागते.

हर्बर्ट टाउट्झ यांनी 1919 मध्ये मिलवॉकीत डेल्टा सुरू केली, तीही गॅरेजमध्येच. घरोघरी वीज पोचत होती. पुढे कंपनीनं हौशी सुतारासाठी यंत्रं काढली: बिडाची बॉडी, बॉल बेअरिंग, व्ही-बेल्ट आणि मोटर वेगळी. मोटर जळली तर दुसरी जोडा. बेअरिंग वाजायला लागलं तर त्यावरचा नंबर वाचा आणि तेच विकत आणा. जुनं यंत्र आज उभं राहतं ते मुख्यतः यामुळे. 'जुनं ते सोनं' वगैरे नंतर.

या बँडसॉची बॉडी दोन तुकड्यांची, बोल्टनं जोडलेली. जोडात 6 इंची बिडाचा ठोकळा घातला की कापाची उंची सुमारे 6 वरून 12 इंचांवर जाते. पातं मात्र 93½ ऐवजी 105 इंचांचं लागतं. ठोकळा सगळ्यांनाच हवा असतो. जुनी छोटी मोटर 12 इंची ओंडक्यापुढे दमते, हे नंतर कळतं.

मालक बदलत गेले: 1945 मध्ये रॉकवेल, 1984 मध्ये पेंटेअर, 2004 मध्ये ब्लॅक अँड डेकर, 2011 मध्ये तैवानची चँग टाइप. तैवानात या बँडसॉच्या नकला त्याआधीपासूनच बनत होत्या. नावं ठेवणारे ठेवोत, पण त्या नकलांमुळेच चाकांवरचे टायर, पातं सरळ धरणारे गाइड, पाती आजही मिळतात.

आमच्या यंत्राच्या चाकांवरचं रबर दगडासारखं झालं होतं, पटाशीनं खरवडावं लागलं. नवा युरेथेनचा टायर गरम पाण्यात ठेवला की सैलावतो, मग दोघांनी ताणून चढवायचा. त्यासाठी मी घरातलं भाताचं मोठं पातेलं घेतलं. ते आता गॅरेजमध्येच असतं.