अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन: आकडा दोन्हींनी वाढतो, गेम हलका एकानेच होतो

‘डीएलएसएस ऑन केलं, एफपीएस जवळपास डबल झाला, तरी माउस जड का लागतोय?’ हा प्रश्न पीसीवर गेम खेळणाऱ्यांकडून सतत कानावर येतो (एफपीएस म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम्स, म्हणजे चित्रं) आणि उत्तरंही ठरलेली असतात. ड्रायव्हर बदल, विंडोज नव्याने टाक, माउसचा पोलिंग रेट वाढव. बहुतेक वेळा यातलं काहीच करायची गरज नसते. डीएलएसएस या एकाच नावाखाली ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी ठेवल्या आहेत आणि तिची स्पर्धक एएमडीने एफएसआर या स्वतःच्या तंत्राच्या बाबतीत तेच केलं आहे. पहिली अपस्केलिंग, म्हणजे लहान काढलेलं चित्र मोठं करणं; दुसरी फ्रेम जनरेशन, म्हणजे गेमने काढलेल्या दोन फ्रेम्सच्या मध्ये कार्डाने बनवलेली फ्रेम घालणं. माउस जड झालेल्या माणसाने दुसरी चालू केलेली असते आणि फायदा मात्र पहिलीचा अपेक्षित असतो.

अपस्केलिंग बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. गेम कमी रिझोल्यूशनवर चित्र काढतो आणि मागच्या फ्रेम्समधली माहिती वापरून ते मोठं केलं जातं. क्वालिटी मोडमध्ये उंची-रुंदी प्रत्येकी ६७ टक्के, बॅलन्स्डमध्ये ५८, परफॉर्मन्समध्ये ५० आणि अल्ट्रा परफॉर्मन्समध्ये ३३. म्हणजे १४४०पी (उंचीला १४४० पिक्सेल) मॉनिटरवर क्वालिटी लावलं की आत ९६०पी चालतं, ४केवर परफॉर्मन्स लावलं की १०८०पी. १०८०पी मॉनिटरवर परफॉर्मन्स लावलं तर आत फक्त ५४०पी उरतं आणि विजेच्या तारा, जाळ्या, झाडांची पानं सगळं लुकलुकायला लागतं. १०८०पीवर क्वालिटीच्या खाली जाऊ नका. त्याआधी शॅडो आणि व्हॉल्युमेट्रिक फॉग एकेक पायरी उतरवा. एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड असेल तर एफएसआर २ किंवा ३ऐवजी डीएलएसएस घ्या. १०८०पीवर हा फरक डोळ्याला स्पष्ट दिसतो. आणि फिल्म ग्रेन (चित्रावर मुद्दाम टाकलेले दाणे), क्रोमॅटिक अॅबरेशन (कडांवरचे रंग) दोन्ही बंद करा. अपस्केलरने मेहनतीने साफ केलेल्या चित्रावर पुन्हा कचरा टाकण्यात काही अर्थ नाही.

अपस्केलिंगबद्दल लक्षात ठेवायची गोष्ट एकच: पडद्यावर येणारी प्रत्येक फ्रेम गेमने स्वतः काढलेली असते. ४५चे ६५ एफपीएस झाले, तर गेम सेकंदाला खरोखर ६५ वेळा तुमचा माउस वाचतो. एका फ्रेमला आधी २२ मिलिसेकंद लागत होते, आता १५ लागतात. गेम दिसायला मऊ होतो आणि हाताला हलकाही लागतो.

फ्रेम जनरेशनमध्ये या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटतात. सगळा घोळ इथेच आहे, म्हणून आतलं काम नीट बघू.

समजा गेम सेकंदाला ६० खऱ्या फ्रेम काढतोय, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक. कार्डाने फ्रेम ‘अ’ दाखवली, मग ‘ब’ तयार झाली. फ्रेम जनरेशन बंद असतं तर ‘ब’ लगेच पडद्यावर गेली असती. चालू असताना ‘ब’ अडवून ठेवली जाते, कारण मधली फ्रेम काढायला ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही हातात लागतात. आधी मधली फ्रेम बनते, ती दाखवली जाते आणि त्यानंतर अर्ध्या अंतराने, म्हणजे सुमारे ८ मिलिसेकंदांनी, ‘ब’ची पाळी येते. मधली फ्रेम बनवायला लागणारा वेळ वेगळाच. तुमच्या क्लिकचा परिणाम ‘ब’मध्ये असतो आणि ती ‘ब’ मुद्दाम उशिरा दाखवलेली असते. मधल्या फ्रेमला तुमच्या हाताचं काहीच माहीत नसतं. तिच्यासाठी गेमने माउस वाचलेलाच नसतो.

आता हाच हिशेब ३० एफपीएसवर करा. दोन खऱ्या फ्रेम्समधलं अंतर ३३ मिलिसेकंद, म्हणजे अडवणूक जवळजवळ १७ मिलिसेकंदांची आणि तीही आधीच जड असलेल्या गेमवर. शिवाय मधली फ्रेम फुकट बनत नाही. ते कामही त्याच ग्राफिक्स कार्डाला करावं लागतं, म्हणून खऱ्या फ्रेम्स कमी होतात. आधी ७० मिळत असतील आणि चालू केल्यावर आकडा १२० दिसत असेल, तर त्यात खऱ्या ६० आहेत. हाताला ७०पेक्षा वाईट वाटणारच, त्यात भ्रम काही नाही.

म्हणून एएमडी स्वतःच फ्रेम जनरेशनआधी निदान ६० एफपीएस असावेत असं सांगते आणि तो सल्ला अक्षरशः पाळण्यासारखा आहे. ६०च्या खाली असाल तर आधी सेटिंग्ज उतरवा, अपस्केलिंग लावा, ६० गाठा; फ्रेम जनरेशन सगळ्यात शेवटी. गेम बनवणाऱ्या कंपन्याही हा क्रम उलटा करतात तेव्हा जास्त राग येतो. २०२५मध्ये आलेल्या मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सच्या पीसी गरजांमध्ये १०८०पी ६० एफपीएस हा शिफारस केलेला आकडा चक्क ‘फ्रेम जनरेशन चालू करून’ असा दिला होता. म्हणजे खऱ्या फ्रेम्स तिशीच्या आसपास. हे तंत्र असं वापरण्यासाठी बनलेलंच नाही.

‘मी मोजून बघितलं, लेटन्सी वाढत नाही’ असंही बरेच जण छातीठोकपणे सांगतात. लेटन्सी म्हणजे क्लिक केल्यापासून परिणाम पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ. त्यांची मोजणी बरोबर असते, तुलना चुकीची असते. डीएलएसएस फ्रेम जनरेशन चालू केलं की रिफ्लेक्स ही एनव्हिडियाचीच दुसरी सोय आपोआप चालू होते आणि रिफ्लेक्स लेटन्सी बऱ्यापैकी कमी करतं. म्हणजे एका बाजूला दोन्ही बंद आणि दुसऱ्या बाजूला दोन्ही चालू, अशी ती तुलना होते. फ्रेम जनरेशन बंद ठेवून फक्त रिफ्लेक्स चालू करा, मग आकडे बघा. एनव्हिडिया अॅपचा ओव्हरले ऑल्ट आणि आर दाबून उघडतो, त्यात लेटन्सीचा आकडा मिलिसेकंदांत दिसतो. सायबरपंक २०७७मध्ये दोन्ही स्विच वेगवेगळे आहेत; एकाच जागी उभं राहून एकेक बदलून बघितलं तर पाच मिनिटांत शंका फिटते.

मॉनिटरचा सापळा याहून वाईट. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) आहे, व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या गतीला बांधणारी सेटिंग) चालू आहे आणि तुम्ही फ्रेम जनरेशन लावलंत. पडद्यावर ६०च्या वर काही जाऊच शकत नाही, म्हणून त्या ६०मध्ये ३० खऱ्या आणि ३० बनवलेल्या असतात. जो गेम आधी ६० खऱ्या फ्रेम्सवर सुखाने चालत होता, तो तुम्ही स्वतःच्या हाताने ३०वर आणला. गेममधल्या लिमिटरने ६० किंवा ७५ची मर्यादा घातली असेल तरी हेच घडू शकतं. ६० हर्ट्झवर फ्रेम जनरेशन बंद, यात चर्चेला जागा नाही. ते खरं शोभतं १२० हर्ट्झ आणि त्याच्या वर, व्हीआरआर (गेमच्या गतीप्रमाणे मॉनिटरने आपली गती बदलणं) असलेल्या मॉनिटरवर. १४४ हर्ट्झच्या जी-सिंक (एनव्हिडियाचं व्हीआरआर) मॉनिटरवर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधून व्ही-सिंक चालू ठेवा. रिफ्लेक्स सोबत असलं की एफपीएस साधारण १३८वर आपोआप थांबतो, म्हणजे ६९ खऱ्या फ्रेम्स. यात टेअरिंगही (चित्र आडवं फाटल्यासारखं दिसणं) नाही आणि हातही बरा राहतो.

आरटीएक्स ५० मालिकेसोबत जानेवारी २०२५मध्ये मल्टी फ्रेम जनरेशन आलं, त्यात तेव्हा दोन खऱ्या फ्रेम्समध्ये तीनपर्यंत फ्रेम्स बसवता येत होत्या. ३० खऱ्यांचे १२० होतात आणि माउस ३०च वेळा वाचला जातो. २४० हर्ट्झचा मॉनिटर असेल आणि खऱ्या फ्रेम्स ६०च्या वर असतील तर चौपट जरूर लावा, नाहीतर दुप्पट पुरे. नेमबाजीच्या स्पर्धात्मक गेममध्ये मात्र दुप्पटही नको.

मग फ्रेम जनरेशनच योग्य उत्तर आहे अशी जागा कुठली? प्रोसेसर अडतो तिथे. एफपीएस ६५वर अडकलाय आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर ६०-७० टक्केच दिसतोय, तर दोर प्रोसेसरने ओढून धरलाय. अशा वेळी अपस्केलिंग क्वालिटीवरून परफॉर्मन्सवर नेलं तरी आकडा हलत नाही, चित्र तेवढं बिघडतं. लोक इथे ‘डीएलएसएस कामच करत नाही’ म्हणतात. मधल्या फ्रेम्ससाठी प्रोसेसरला जवळपास काही करावं लागत नाही आणि कार्ड तर रिकामंच बसलेलं असतं, म्हणून फ्रेम जनरेशन इथे छान बसतं. त्याआधी क्राउड डेन्सिटी (गेममधली गर्दी) कमी करा आणि रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब) बंद करून बघा. रे ट्रेसिंग प्रोसेसरवरही भार टाकतं, हे अनेकांच्या गावी नसतं.

८ जीबीच्या कार्डांवर आणखी एक अडचण येते. अपस्केलिंगने व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) थोडी वाचते, फ्रेम जनरेशनने उलट जास्त खर्च होते. आरटीएक्स ४०६०वर टेक्सचर अल्ट्रा, रे ट्रेसिंग चालू आणि वर फ्रेम जनरेशन असं केलं की व्हीरॅम भरते, माल साध्या रॅममध्ये सांडतो आणि सरासरी आकडा चांगला दिसूनही गेम दर थोड्या वेळाने झटका खातो. टेक्सचर एक पायरी खाली आणा आणि गेम पुन्हा सुरू करा; चालू गेममध्ये बदललं तर व्हीरॅम पूर्ण रिकामी होतेच असं नाही.

डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन आरटीएक्स ४० मालिकेपासून पुढेच चालतं. ४०६० असूनही तो पर्याय करडा दिसत असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमधल्या ग्राफिक्स विभागात हार्डवेअर-अॅक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग चालू करून मशीन रीस्टार्ट करा. ३०६० वाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. एफएसआर ३.१पासून अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन एकमेकांना बांधलेले नाहीत, त्यामुळे ज्या गेममध्ये मुभा आहे तिथे अपस्केलिंग डीएलएसएसचं आणि फ्रेम जनरेशन एफएसआरचं असं जोडता येतं.

आणि खरा आकडा बघायचाच असेल तर स्टीमच्या सेटिंग्जमध्ये, इन गेम विभागात, परफॉर्मन्स मॉनिटर चालू करा. त्यात बनवलेल्या फ्रेम्स धरून होणारा आकडा वेगळा आणि गेमचा स्वतःचा एफपीएस वेगळा दाखवतात. सेटिंग्ज ठरवताना यातला दुसराच बघायचा.