नेपोलियनकालीन फ्रेंच समाज

नेपोलियनकालीन फ्रेंच समाज : (१८०४–१५). राज्यक्रांतीनंतर नेपोलियन बोनापार्टच्या (१७६९–१८२१) सम्राटपदाखाली फ्रान्समध्ये आकाराला आलेली समाजव्यवस्था. १८ मे १८०४ च्या सिनेटच्या ठरावाने ‘प्रजासत्ताकाचा कारभार’ एका सम्राटाकडे सोपविला. ही शब्दयोजना जाणीवपूर्वक केलेली होती. नाण्यांच्या एका बाजूस ‘सम्राट नेपोलियन’ व दुसऱ्या बाजूस ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ अशी अक्षरे पुढे सुमारे चार वर्षे उमटत राहिली. सिनेटच्या ठरावानंतर घेतलेल्या सार्वमतात सुमारे ३५ लाख मते बाजूने व जेमतेम अडीच हजार विरोधी नोंदली गेली. सैन्याची मते प्रत्यक्ष न घेता अंदाजाने मोजणीत धरली असावीत, असे अलीकडचे अभ्यासक मानतात.

या कालखंडाची सुरुवात कोठून धरावी, याबाबत मतभेद आहेत. राजकीय इतिहासकार १८०४ हे वर्ष घेतात. समाजरचनेच्या दृष्टीने मात्र बोनापार्टच्या हाती सत्ता देणारा नोव्हेंबर १७९९ चा सत्तापालट अधिक सोयीचा ठरतो. प्रीफेक्ट हे जिल्ह्यांचे सरकारनियुक्त प्रशासक (१८००), पोपशी समझोता (१८०१), लीसे ही माध्यमिक विद्यालये व ‘लेजियाँ दॉनर’ हा सन्मान (१८०२) ही सर्व साम्राज्यापूर्वीची आहेत.

क्रांतीने सरंजामी देणी रद्द केली होती आणि चर्चच्या व परागंदा उमरावांच्या जमिनी विकल्या होत्या. हे व्यवहार अबाधित ठेवण्याची हमी हा नव्या राजवटीचा खरा पाया होय. पोपनेही समझोत्यात विकलेल्या चर्चच्या जमिनींवरील दावा सोडला. ज्याने जमीन घेतली होती त्याला ती परत जाण्याची भीती उरली नाही. त्या बदल्यात मतस्वातंत्र्य गेले, त्याची त्याला फारशी खंत वाटली असेल असे दिसत नाही.

नागरी संहिता : या समाजाची घडण जिच्यात सर्वांत स्पष्ट दिसते ती नागरी संहिता २१ मार्च १८०४ रोजी जारी झाली. तीत २,२८१ कलमे होती. १८०७ मध्ये तिला ‘नेपोलियन संहिता’ हे नाव मिळाले. परंतु तिचे कर्तृत्व कोणाचे, हा जुना वाद आहे. कांबासेरेस या कायदेपंडिताने १७९३ ते १७९६ या काळात तीन मसुदे सादर केले होते. त्यांपैकी एकही संमत झाला नाही. ऑगस्ट १८०० मध्ये चार कायदेपंडितांची समिती नेमली गेली : त्राँशे, बिगो द प्रेआमनो, पोर्तालिस आणि मालव्हिल. पहिले दोघे उत्तरेकडील रूढिनिष्ठ कायद्याचे, तर उरलेले दोघे दक्षिणेकडील रोमन परंपरेच्या लिखित कायद्याचे जाणकार होते. ही वाटणी सहज झालेली नव्हे. क्रांतीपूर्व फ्रान्समध्ये या दोन कायदेपद्धतींची सीमा ओलांडली की वारसा व विवाहसंपत्तीचे नियम बदलत.

मसुद्यावर राज्यपरिषदेत (सरकारच्या कायदेविषयक सल्लागार मंडळात) शंभराहून अधिक बैठका झाल्या. त्यांपैकी सुमारे निम्म्या बैठकांचे अध्यक्षस्थान बोनापार्टने भूषविले. यावरून त्याला संहितेचा जनक म्हणण्याची प्रथा पडली. तथापि परिषदेचा सचिव लोक्रे याने प्रसिद्ध केलेली इतिवृत्ते बरीच सफाईदार केलेली आहेत. सदस्य तिबोदो याच्या आठवणींत तीच भाषणे अधिक रांगडी व तुटक आढळतात. दोन्ही ताडून पाहता, मालमत्ता व करार या भागांत बोनापार्टचा हात फारसा दिसत नाही. तेथे दोमा व पोतिये या जुन्या पंडितांचीच छाप आहे. घटस्फोट, दत्तक आणि पत्नीची आज्ञाधारकता या विषयांवर मात्र त्याने आग्रह धरला.

पत्नीने पतीची आज्ञा पाळावी, असे कलम २१३ सांगते. पत्नीच्या व्यभिचारावरून पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीने रखेलीला राहत्या घरात आणून ठेवले तरच. सोळा वर्षांखालील मुलाला बाप महिनाभर कोठडीत ठेववू शके. क्रांतीने १७९२ मध्ये दिलेला परस्परसंमतीचा घटस्फोट राहिला. पण लग्नाला वीस वर्षे झाल्यावर किंवा पत्नी पंचेचाळिशीची झाल्यावर तो मिळत नसे. १८०९ मध्ये सम्राटाची पत्नी जोसेफीन ४६ वर्षांची होती. सम्राटाचा विवाह सिनेटच्या खास ठरावाने मोडला गेला, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

वारशात मात्र क्रांतीचे तत्त्व टिकले : थोरलेपणाचा हक्क नाही, मुलगे व मुली समान. मृत्युपत्राने देता येण्याजोगा भाग एक अपत्य असल्यास निम्मा, दोन असल्यास तृतीयांश, तीन वा अधिक असल्यास चतुर्थांश. या संहितेचा प्रभाव असलेली पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. मुलांना डावलून सगळी मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, हे तत्त्व तेथे आजही परिचित आहे.

कामगारांबाबत संहिता थोडक्यात व कठोर बोलते. मजुरीच्या वादात मालकाचा शब्द ग्राह्य धरावा, असे कलम १७८१ होते. ते १८६८ मध्ये रद्द झाले. १८०३ पासून कामगाराला ‘लिव्हरे’ ही पुस्तिका बाळगावी लागे. तीत आधीच्या मालकाची नोंद नसेल तर नवे काम मिळणे कठीण, आणि पुस्तिकेविना प्रवास करणारा भटक्या ठरे. याविषयीची माहिती बहुतांशी पोलीस व प्रीफेक्टांच्या अहवालांतून मिळते. कामगारांचे स्वतःचे लेखन अल्प आहे.

मार्च १८०८ मध्ये नवी सरदारकी निर्माण झाली. पदव्या सेवेबद्दल मिळत. त्यांबरोबर करमाफी वा सरंजामी हक्क येत नसत. पदवी वंशपरंपरागत करावयाची तर ठराविक उत्पन्नाची अविभाज्य मालमत्ता राखून ठेवावी लागे. समान वाटणीच्या नियमाला हा उघड अपवाद होता.

धर्माचाही राज्यकारभाराला उपयोग करून घेतला गेला. १८०६ च्या धर्मप्रश्नोत्तरीत कर भरणे व लष्करी सेवा ही सम्राटाप्रती ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये म्हणून शिकविली जात. सम्राटाच्या जन्मदिनी, १५ ऑगस्टला, ‘संत नेपोलियन’चा सण ठरविण्यात आला. त्यासाठी जुन्या हुतात्म्यांच्या याद्यांतील निओपोलिस या नावाचा आधार घेतला गेला. ही ओळख अभ्यासकांना संशयास्पद वाटते.

लष्करभरती २० ते २५ वयाच्या तरुणांतून चिठ्ठ्या टाकून होई. ऐपतदारांना पैसे देऊन बदली माणूस पाठविता येई. विवाहितांना सूट असल्याने शेवटच्या वर्षांत लग्नांची संख्या एकदम वाढली. याच काळात ब्रिटनविरुद्धच्या व्यापारबंदीने साखर व कॉफी महागली. त्यांना पर्याय म्हणून बिटाची साखर व चिकोरी (एका मुळाची भुकटी) पुढे आली. १८१२ च्या धान्यटंचाईत नॉर्मंडीतील ‘कां’ (Caen) शहरात दंगा झाला आणि त्यात सहभागी झालेल्यांपैकी काहींना, स्त्रियांसह, देहदंड देण्यात आला. पॅरिसच्या वृत्तपत्रांची संख्या १८११ मध्ये चारवर आणली गेली होती.

१८१४ मध्ये नेपोलियनच्या पदच्युतीनंतर परतलेल्या जुन्या बूरबाँ राजघराण्याच्या राजाने सनदेत सक्तीची भरती रद्द केली. संहिता व जमिनींची विक्री मात्र कायम ठेवली. घटस्फोट १८१६ मध्ये रद्द झाला. तो १८८४ मध्ये पुन्हा आला, परंतु परस्परसंमतीच्या कलमाविना.