टाउनसेंडी की अँग्लिका? खाजणातली दोन सारखी गवतं
स्पार्टिना टाउनसेंडी आणि स्पार्टिना अँग्लिका शेजारी शेजारी ठेवल्या तरी पटकन ओळखू येत नाहीत, आणि हे तण किती पसरणार याचा अंदाज घेताना नेमका इथेच घोळ होतो. दोन्ही भरतीच्या पाण्यात उभ्या राहतात, दोन्ही पानांवाटे मीठ बाहेर टाकतात, उन्हात बघितलं तर पानावर बारीक खडे चमकतात, म्हणजे खारेपणा सोसते एवढ्यावरून धोका ठरवायला गेलात तर दोघींना सारखेच मार्क पडतील.

फरक आहे तो बियांचा. अमेरिकेतली स्पार्टिना अल्टरनिफ्लोरा इंग्लंडात साउथॅम्प्टनजवळच्या खाडीत पोचली, तिथल्या स्पार्टिना मरिटिमाशी तिचा संकर झाला आणि १८७० मध्ये तिथल्याच हाइथ गावाला टाउनसेंडी सापडली. ही वांझ, कारण आईबापांची गुणसूत्रं आपसात नीट जोड्याच लावत नाहीत. पुढे १८९० च्या दशकात याच संकरातली गुणसूत्रं दुप्पट होऊन १२० च्या वर गेली, प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि बी धरणारी अँग्लिका तयार झाली. नुसत्या दुप्पट होण्याने एवढा फरक पडतो हे मला अजूनही थक्क करतं.

ओळखायचं असेल तर फुलोऱ्यावर भिंग धरा. अँग्लिकाचे परागकोश मोठे असतात, उकलतात आणि पराग सांडतात, टाउनसेंडीचे लहान असतात आणि मिटलेलेच राहतात. त्यामुळे टाउनसेंडी जमिनीखालच्या खोडांनी हळूहळू सरकते, अँग्लिकाचं बी मात्र भरतीबरोबर कुठल्या कुठे जातं. त्यात चिखल धरून ठेवते म्हणून माणसांनीच ती न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, चीनपर्यंत नेऊन लावली. जिथे ती दाट माजते तिथे उघडा चिखल झाकला जातो आणि त्यात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांची जागाच जाते, हे नुकसान मला सगळ्यात जास्त लागतं. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जगातल्या १०० वाईट आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. गंमत म्हणजे दक्षिण इंग्लंडात तीच बऱ्याच ठिकाणी आपोआप मरत गेली, त्यामुळे एका खाडीवरून दुसरीचा निकाल लावू नये.

पण म्हणून वांझ टाउनसेंडीला क्लीन चिट देऊ नका, अँग्लिका त्याच संकरातून आलीय. परागकोश मिटलेले दिसले तरी आसपास स्पार्टिनाच्या आणखी कुठल्या जाती आहेत, त्यांचा एकमेकींशी संकर होऊ शकतो का, हेही धोक्याच्या अंदाजाच्या नोंदीत आलंच पाहिजे.