चिठ्ठी आणि ढोलकीवाला: जुना टायरोस घ्यायच्या आधी

गणपती जवळ आले की मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला, "काळी चारमध्ये गाणार आहेत, येशील का वाजवायला?" दुसरा, "टायरोस ५ मिळतोय. पाचशे जीबीची हार्ड डिस्क आहे, दोन हजार इंडियन स्टाईल्स भरून देतोय. घेऊ का?" टायरोस म्हणजे यामाहाचा अरेंजर, मागे आपोआप साथ देणारा कीबोर्ड. पहिल्याचं उत्तर बिदागी किती यावर ठरतं. दुसऱ्याला मी गेली काही वर्षं एकच प्रश्न विचारतोय, "आत मॉड्यूल आहे का?" आणि पलीकडून दर वेळी तेच येतं, "कसलं मॉड्यूल?"

म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. पुढच्या फोनला हेच पाठवेन.

घोळ सगळा स्टाईल आणि एक्सपान्शन पॅक या दोन गोष्टींचा आहे. आपल्याकडे दोन्हीला सर्रास "इंडियन डेटा" म्हणतात. पेनड्राइव्हवर "इंडियन डेटा" असं लिहिलेलं असलं की मी ती हातात घ्यायच्या आधीच वैतागतो.

स्टाईल तुम्हाला माहीत आहे. डाव्या हाताने कॉर्ड धरायची, मागे साथ सुरू. इंट्रो, मेन ए ते डी, फिल, एंडिंग हे तिचे भाग. वाजवणाऱ्याला यातलं काही सांगायला नको. सांगायचं ते एवढंच, की साध्या स्टाईलच्या फाइलच्या आत आवाज नसतो. एक कणही नसतो. आठ ट्रॅक असतात: दोन रिदमचे, एक बेसचा, दोन कॉर्डचे, एक पॅडचा, दोन फ्रेजचे. त्यात फक्त कोणता स्वर, कधी, किती जोरात, एवढ्या सूचना लिहिलेल्या असतात. कॉर्ड बदलली की कोणता ट्रॅक कसा सरकवायचा याचे नियम असतात. आणि प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला तीन आकडे असतात: "या नंबरच्या कपाटातला, या खणातला, हा आवाज घे." झालं. एवढीच स्टाईल. म्हणून ती शंभर केबीच्या आसपास मावते, आणि म्हणूनच "दोन हजार स्टाईल्स" या थाटाचा मला राग येतो. दोन हजार फाइली म्हणजे जेमतेम दोनशे एमबी. घरात पडलेल्या कुठल्याही जुन्या पेनड्राइव्हवर मावतील.

स्टाईल म्हणजे ढोलकीवाल्याला दिलेली चिठ्ठी. त्यात ठेका लिहिलाय, उठाण लिहिलंय, तिहाई कुठे घ्यायची तेही लिहिलंय. पण ढोलकीवाला चिठ्ठीत बसलेला नसतो. तो एक्सपान्शन पॅकमध्ये असतो. शाईवरचा 'तिं', चाटेवरचा 'ना', डाव्या बाजूचा घुमारा, हे सगळं माइकसमोर वाजवून रेकॉर्ड केलेलं, कापून एकेका पट्टीवर बसवलेलं. ते वजनदार असतं, शेकडो एमबीत जातं, आणि ते कीबोर्डच्या आवाजांसाठी राखलेल्या मेमरीतच असावं लागतं.

चिठ्ठी आली आणि ढोलकीवाला गावीच राहिला तर काय होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कानांनी म्हणा.

माझ्या एका मित्राने टायरोस ५ घेतला. विकणाऱ्याने आधीच्या कीबोर्डवरच्या लावणीच्या स्टाईल्स कॉपी करून दिल्या होत्या. संध्याकाळी आम्ही त्याच्या हॉलमध्ये जमलो. त्याने मेन ए लावला. तबकातून पितळी चमचे सांडावेत तसा आवाज. मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मग त्याची आई आतून म्हणाली, "अरे, काय पडलं?"

पडलं काहीच नव्हतं. स्टाईल अगदी बरोबर वाजत होती. ती म्हणत होती, "६० नंबरचा स्वर वाजव," कारण ज्या पॅकसाठी ती बनवली त्यात ६० नंबरवर 'तिं' होता. तो पॅक इथे नव्हता, म्हणून कीबोर्डने साधा ड्रमसेट उचलला. साध्या ड्रमसेटमध्ये ६० वर बाँगो असतो, ६४ वर काँगा, ७६ वर लाकडी ठोकळा आणि ८० वर ट्रँगल. ठेका लावणीचा, मात्रा चोख, आणि वाजतंय कुठल्यातरी किनाऱ्यावरचं हॉटेल. मित्र म्हणाला, "स्टाईल करप्ट आहे." हेच ते वाक्य. स्टाईल करप्ट नसते हो. नव्वद टक्के वेळा चिठ्ठी ठणठणीत असते, वाचणारा वेगळा असतो. काही मॉडेलवर तर ड्रमसेटही येत नाही, रिदमच्या जागी चक्क शांतता पसरते. मग लोक सर्व्हिस सेंटर गाठतात.

गिटारच्या ट्रॅकचंही असंच. यामाहाच्या मेगाव्हॉइस गिटारमध्ये बोट हलकं पडलं की एक आवाज, जोरात पडलं की स्लाइड, अगदी वरच्या पट्ट्यांवर तारांची खरखर, असं सगळं बसवलेलं असतं. त्या ट्रॅकवर साधी गिटार आली तर त्या खरखरीच्या जागी उंच स्वर किंचाळतात. ऐकणाऱ्याला वाटतं कीबोर्ड बिघडला.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे टायरोस घेऊ का.

टायरोस ही यामाहाची बिनीची मालिका. पहिला २००२ चा, पाचवा २०१३ चा, आणि २०१७ मध्ये यामाहाचाच जेनॉस आल्यावर ती बंद झाली. टायरोस ५ मध्ये खरोखरच पाचशे जीबीची हार्ड डिस्क आहे. इथेच माणूस फसतो. त्या डिस्कवर स्टाईल ठेवा, मिडी गाणी ठेवा, रजिस्ट्रेशन (म्हणजे जतन केलेल्या सेटिंग) ठेवा, ऑडिओ रेकॉर्ड करा. पण ढोलकीचा आवाज त्या डिस्कवरून वाजत नाही. कधीच नाही. नव्या आवाजांसाठी वेगळी फ्लॅश मेमरी लागते, आणि टायरोस ५ मध्ये ती मुळात वेगळी विकत घ्यायची होती. हेच ते मॉड्यूल: एफएल५१२एम किंवा एफएल१०२४एम नावाची छोटी पाटी, म्हणजे अर्धा जीबी किंवा एक जीबी. ती पाटी आत नसेल तर पाचशे जीबी असूनही ढोलकीवाल्याला बसायला जागा शून्य. आणि ती पाटी बनणं केव्हाच थांबलंय. वापरलेली शोधायची, मिळाली तर नशीब.

याउलट यामाहाचाच २०१९ चा पीएसआर-एसएक्स९००. हा बिनीचा नाही, मधल्या फळीतला म्हणा. पण त्यात आवाजांसाठीची एक जीबी जागा कारखान्यातूनच आत आहे. धाकट्या एसएक्स७०० मध्ये चारशे एमबी. म्हणजे मॉड्यूल नसलेल्या पाचशे जीबीच्या टायरोसपेक्षा, ढोलकीच्या बाबतीत, हा धाकटाही मोठा. "फ्लॅगशिप ते फ्लॅगशिप" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

दुसरा खड्डा याच रस्त्यावर आहे. समजा मॉड्यूल आहे, विकणाऱ्याने त्यात छान ढोलकी, टाळ, ताशा भरलाय. तुम्ही खूश. घरी आणून हौसेने नवा शहनाईचा पॅक टाकता, आणि ढोलकी गायब. कारण या कीबोर्डवर नवा पॅक टाकला की आधीचं सगळं पुसून जागा नव्याने भरली जाते. सगळे पॅक हवे असतील तर कॉम्प्युटरवर यामाहाच्या एक्सपान्शन मॅनेजर या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करून एकच फाइल बनवायची आणि ती एकदाच टाकायची. त्यासाठी मूळ पॅक हातात हवेत. कीबोर्डमधून ते परत बाहेर काढता येत नाहीत, आणि नेहमीच्या बॅकअपमध्ये ते येत नाहीत. तेव्हा विकणाऱ्याकडून मूळ पॅकच्या फाइली मागा. विकत घेतलेले अधिकृत पॅक त्या त्या वाद्याच्या ओळखीशी बांधलेले असतात, तेव्हा "माझ्याकडे होते" याला अर्थ नाही. "अहो सगळं आतच आहे" हे उत्तर आलं की मी चहा संपवतो आणि उठतो.

पॅक पॅकमध्येही फरक असतो हे जाता जाता. काहींमध्ये एकेक बोल वेगळा असतो, ते उत्तम. काहींमध्ये अख्खा ठेका एका पट्टीवर लूप करून चिकटवलेला असतो. तो ज्या लयीत रेकॉर्ड केला त्याच लयीत गोड लागतो. गायिकेने लय चार पावलं वाढवली की लूप एकीकडे आणि बेस दुसरीकडे. दुकानात ऐकताना हा लूप जास्त भारी वाटतो, कारण खऱ्या वादकाचा घुमारा त्यात सलग येतो. म्हणून ऐकताना टेंपो वर-खाली करून बघा. मी तर आधी तेच करतो, मग बाकीचं.

उरलेले फरक पटापट. टायरोसला टच स्क्रीन नाही, एसएक्सला आहे. सवय होते, कशाचीही होते. टायरोसला स्वतःचे स्पीकर नाहीत, जोडायचे वेगळे घ्यावे लागतात. एसएक्सला आहेत, घरी रियाजाला पुरतात. पॉलिफनी (एका वेळी वाजू शकणारे स्वर) दोघांची १२८, त्यावर वाद घालू नका. एसएक्सवर कॉर्ड लूपर आहे, म्हणजे एकदा धरलेल्या कॉर्ड तो परत परत वाजवत राहतो, मला तो पोरखेळ वाटतो, पण दोन्ही हात लीडला हवे असतील तर उपयोगी. पिच बेंडला टायरोसवर चाकं, एसएक्सवर जॉयस्टिक. मींड घ्यायला मला चाकच बरं वाटतं.

आणि टायरोसची जमेची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस जुन्याचा वैरी. त्याच्या पट्ट्या एसएक्सच्या पट्ट्यांच्या शेजारी ठेवून वाजवा. बोटांना लगेच कळतं की एक पाट आहे आणि दुसरा पुठ्ठा. शिवाय त्यातले सुपर आर्टिक्युलेशन २ चे सॅक्सोफोन, बासरी, ट्रंपेट. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना ते खऱ्या फुंकेसारखे वळतात. एसएक्स९०० मध्ये त्याच्या आधीची पायरी आहे, ही नाही. लीड वाजवणाऱ्यासाठी टायरोस आजही म्हातारा झालेला नाही.

वय मात्र शरीराला झालंय. हार्ड डिस्क फिरती आहे, इतक्या वर्षांत किती ट्रकमधून मंडपोमंडपी फिरली कोण जाणे. चालू केल्यावर कान लावा, टकटक ऐकू आली तर डेटा आधी बाहेर काढून ठेवा. पट्ट्यांखालचे रबर कॉन्टॅक्ट झिजले की काही स्वर अचानक जोरात येतात, तेव्हा प्रत्येक पट्टी हलक्या बोटाने एकेकदा दाबा, काळ्यासुद्धा. सरकपट्ट्या हलवताना आकडा उड्या मारतो का बघा. बाहेरून आणलेला असेल तर मागच्या पाटीवरचं व्होल्टेज वाचा. वीजपुरवठा आतच बसवलेला आहे, त्यामुळे "अडॅप्टर बदलू" हा पर्याय नाही.

बघायला जाताना स्वतःची पेनड्राइव्ह न्या. तुमच्या नेहमीच्या दोन स्टाईल्स त्यात ठेवा, एक भजनी, एक लावणी. लावा, मिक्सर उघडा, आणि रिदमच्या दोन ट्रॅकवर कोणता आवाज लिहून आलाय ते वाचा. तिथे स्टँडर्ड किट दिसलं तर तुमचा ढोलकीवाला या घरात नाही. मग मेमरीचं पान उघडून एक्सपान्शनला एकूण किती आणि मोकळी किती जागा आहे ते बघा. तिथे काहीच नसेल तर मॉड्यूल नाही. विकणारा काहीही म्हणो.

कोर्गवाल्यांनी हसू नये. तुमच्या सेटच्या फोल्डरमध्ये स्टाईल, साउंड आणि पीसीएम (रेकॉर्ड केलेले नमुने) अशी वेगवेगळी दालनं असतात, आणि तुम्हीही त्यातलं फक्त स्टाईलचं उचलून मित्राला देता. तिथेही तोच चमच्यांचा आवाज. आणि रोलँडच्या एक्सपीएस-३० मध्ये "स्टाईल टाकून दे" म्हणून येणाऱ्यांना मी आता नुसता नमस्कार करतो. तो अरेंजरच नाही.

तर ऑर्केस्ट्रा, भजन, लावणी, मंडळाचे कार्यक्रम हे तुमचं पोट असेल, तर मॉड्यूल नसलेला टायरोस ५ फुकट मिळाला तरच घ्या. मॉड्यूल असलेला, मूळ पॅक हातात मिळणारा असेल, तर किंमत पाहून जरूर घ्या. मध्यात अडकलात तर एसएक्स९००. पण तुमचं वाजवणं वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, लग्नातला वन-मॅन-बँड, चर्च असं असेल, तर वरचं सगळं विसरा. टायरोसच्या पोटातल्या स्टाईल्स त्याच संगीतासाठी जन्मल्या आहेत आणि त्यांचे वादक कारखान्यातूनच सोबत आलेत.

मित्राने त्याचा टायरोस शेवटी वसईच्या एका बँडवाल्याला दिला. मी होतो तिथे. त्या माणसाने बसून एक वॉल्ट्झ लावला, उजव्या हाताने सॅक्सोफोनवर अर्धं कडवं वाजवलं, डोळे मिटले. मॉड्यूलबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मित्राने प्रामाणिकपणे सांगायला सुरुवात केली, "यात ढोलकी नाही हं…" तो म्हणाला, "कशाला पायजे?" आणि खिशातून पैशांचं पाकीट काढून मोजायला लागला.