एकाच पुस्तकाला नऊ आणि दोन गुण का पडतात?

गुप्तहेर मालिकेचा नवा भाग गावच्या वाचनालयात आला की पंधरा दिवसांत वाचकांचे दोन तट पडतात. "जबरदस्त हाय बावा, रातभर झोपलो नाई," असं एक जण सांगतो. तेच पुस्तक परत करताना दुसरा म्हणतो, "यावेळी काई मजा नाई आली राजेहो." दोघंही मनापासून बोलत असतात. मग पुस्तक चांगलं की वाईट?

आधी थोडं गणित. समजा, दहा वाचकांनी नव्या भागाला दहापैकी गुण दिले: 9, 9, 8, 9, 2, 8, 3, 2, 9, 2. बेरीज 61, सरासरी 6.1. दुसऱ्या एका कादंबरीला त्याच दहा जणांनी 6, 6, 7, 6, 5, 6, 7, 6, 6, 6 असे गुण दिले. बेरीज पुन्हा 61, सरासरी पुन्हा 6.1. पण पहिल्या पुस्तकाला सहा किंवा सात गुण एकानेही दिलेले नाहीत. तिथली सरासरी दहापैकी कुणाचंच मत सांगत नाही. अशा वेळी गुण कुठे गोळा झाले ते बघायचं असतं. वर आठ-नऊपाशी एक ढीग आणि खाली दोन-तीनपाशी दुसरा असेल, तर वाचकांचे दोन गट आहेत आणि त्यांना वेगळं करणारं काहीतरी नक्की आहे, असं समजावं. ते शोधता येतं. बहुतेक वेळा ते पुस्तकापेक्षा वाचक काय मनात धरून बसला होता, यात सापडतं.

सगळ्यात मोठी फूट पडते ती कथेच्या जातीवरून. विल्यम ब्रूअर आणि एडवर्ड लिख्टेनस्टाईन या मानसशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये कथेतल्या रसाची तीन मुळं वेगळी करून दाखवली. महत्त्वाची घटना घडून गेली आहे आणि ती आपल्यापासून लपवली आहे हे माहीत असलं की उत्सुकता वाटते. पुढे काहीतरी वाईट घडू शकतं हे आधीच कळलं की जीव टांगणीला लागतो. आणि लपवलं आहे याचा पत्ताच नसताना एकदम समोर आलं की धक्का बसतो. "खून कोणी केला?" ही उत्सुकतेची कथा. "खुनी हा आहे, आता तो सापडतो का?" ही टांगणीची. मालिकेचे पहिले तीन-चार भाग पहिल्या जातीचे असतील आणि नव्या भागात खुनी तिसाव्या पानावरच उघड केला असेल, तर कोडं सोडवायला बसलेल्या वाचकाच्या हातचं कामच गेलं. पाठलागाची आवड असलेल्याला मात्र हाच भाग सगळ्यात सरस वाटतो. लेखकाची लेखणी तीच असते, वाचकाशी ठरलेला करार मात्र बदललेला असतो.

दुसरी फूट जुन्या आणि नव्या वाचकांत पडते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 मध्ये, रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं एकतर्फी नातं जुळतं, असं मांडलं. गोष्टीतल्या पात्रांच्या बाबतीतही हे घडतं. पाच भाग ज्या गुप्तहेराच्या सोबतीनं काढले, त्यानं सहाव्यात खोटी साक्ष दिली किंवा बायकोला टाकलं, तर जुन्या वाचकाला घरातल्या माणसानं दगा दिल्यासारखं लागतं. नव्याला ते फक्त पात्राचं वागणं दिसतं. कॉनन डॉईल यांनी 1893 मध्ये शेरलॉक होम्सला कथेत मारलं आणि वाचकांची नाराजी ओढवून घेतली. 1901 मध्ये आलेली नवी कादंबरी त्यांनी होम्सच्या मृत्यूआधीच्या काळातली दाखवली, आणि 1903 मध्ये त्याला जिवंत परत आणावं लागलं.

आता आपल्याकडच्या वाचनाचं गणित. विदर्भातल्या दारव्हा किंवा आर्वी तालुक्यातल्या छोट्या वाचनालयात पुस्तकाची एकच प्रत येते. एका वाचकाकडे ती आठ दिवस राहिली आणि रांगेत वीस जण असले, तर शेवटच्याच्या हाती पडायला पाच महिने लागतात. पुस्तक होळीनंतर आलं तर पहिले वाचक उन्हाळ्याच्या दुपारी दोन बैठकांत ते संपवतात. पुढच्यांची पाळी खरिपाच्या धांदलीत येते आणि उशीर होत गेला तर सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणीही गाठते. दिवसभर वेचून आलेला माणूस रात्री पंधरा पानं वाचतो. 240 पानांना सोळा रात्री लागतात.

रहस्यकथेत याचा फरक फार पडतो. समजा, चाळिसाव्या पानावर अंगणातल्या ओल्या चपलांचा उल्लेख आहे आणि दोनशेविसाव्या पानावर त्याच चपलांवरून खुनी सापडतो. दोन बैठकांत वाचणाऱ्यासाठी मध्ये एक दिवस गेला. रोज पंधरा पानं वाचणाऱ्यासाठी 180 पानं म्हणजे बारा रात्री गेल्या. हर्मान एबिंगहाऊस यांनी 1885 मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांत, पाठ केलेली निरर्थक अक्षरं पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजलं. वीस मिनिटांनी निम्म्याहून जास्त श्रम वाचत होते, एका दिवसानंतर जेमतेम एक-तृतीयांश. अर्थ असलेला मजकूर यापेक्षा पुष्कळ जास्त टिकतो, पण चपलांसारखा मुद्दाम बिनमहत्त्वाचा करून पेरलेला तपशील त्या निरर्थक अक्षरांच्याच जातीचा असतो. तो विसरला की शेवटी "हे कुठून आलं?" असं वाटतं आणि लेखकानं फसवल्याची भावना येते. शिवाय आपण एका वेळी मनात चारेक गोष्टीच नीट धरू शकतो, असं नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये मांडलं. नऊ संशयित असलेला भाग सलग वाचणाऱ्याला श्रीमंत वाटतो, तुकड्यानं वाचणाऱ्याला गोंधळ वाटतो.

तिसरा गट जाणकारांचा. खेड्यात यांना कमी लेखू नये. वाचनालयाच्या सभासदांत पोलीस पाटील असतात, पंच म्हणून सह्या केलेले असतात, ग्रामीण रुग्णालयातले कर्मचारी असतात. एक प्रसंग घ्या. मे महिना, चंद्रपूरकडचं शेत, टिनाच्या कोठ्यात दुपारी तीनला प्रेत सापडतं. गुप्तहेर हात लावून म्हणतो, "अंग थंडगार आहे, म्हणजे मृत्यू पहाटे झाला." शहरातल्या वाचकाला हे चालून जातं. पण मृत्यूनंतर शरीर थंड होतं ते भोवतालची हवा शरीरापेक्षा थंड असते म्हणून. तासाला साधारण दीड अंश फॅरेनहाइट हा पाठ्यपुस्तकी ठोकताळा थंड हवेच्या देशांतला आहे. जिवंत शरीराचं तापमान 37 अंश सेल्सिअस. त्या दिवसांत चंद्रपूरला सावलीतला पारा 45 च्या वर जातो, टिनाखाली त्याहून जास्त. तिथं दुपारी प्रेत थंडगार लागणारच नाही, उलट तापलेलं लागेल. शरीर ताठरण्याची क्रियाही अशा उन्हात लवकर सुरू होते आणि लवकर ओसरते. थंड देशातले तास इथं लावले की मृत्यूची वेळ चुकते, आणि अख्खं कथानक त्या वेळेवर उभं असेल तर तेही कोसळतं.

व्हिसेराचंही, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या अवयवांचंही, तसंच. विषाचा संशय असला की शवविच्छेदनात जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा भाग, यकृत आणि मूत्रपिंडांचे तुकडे बरण्यांत काढतात. त्यावर साध्या मिठाचं संपृक्त द्रावण ओततात, म्हणजे पाण्यात आणखी मीठ विरघळणार नाही इतकं खारट. अवयव टिकवायला एरवी वापरतात ते फॉर्मेलीन इथं वापरत नाहीत, कारण त्यात ठेवलेल्या अवयवातून विष वेगळं काढणं अवघड जातं. बरण्या सीलबंद होतात, लेबल लागतं, वापरलेल्या द्रावणाचाही वेगळा नमुना जातो आणि सगळं प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत पोचतं, नागपूरला किंवा अमरावतीला. अहवाल यायला आठवडे, कधी महिने लागतात. कादंबरीत तो संध्याकाळच्या चहाच्या आत आला की हे काम जवळून पाहिलेला वाचक तिथंच अडतो.

पण इथं एक बारकावा आहे. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी 2000 मध्ये वाचकांना गोष्टीतल्या खोट्या वाटणाऱ्या जागांभोवती गोल करायला सांगितलं. गोष्टीत जास्त बुडालेल्यांनी कमी गोल केले. म्हणजे चूक दिसली म्हणून मन उडालं, की मन आधीच उडालं होतं म्हणून चूक दिसली, हे नुसत्या तक्रारीवरून सांगता येत नाही. त्यासाठी पान क्रमांक विचारावा. पहिली अडखळ विसाव्या पानावर असेल तर वाचक बहुधा गोष्टीत शिरलाच नव्हता. दीडशेव्या पानावर असेल तर चूक बहुधा खरोखर बोचली.

"मले तं पयलेच समजलं होतं खुनी कोन हाय ते." ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि तिच्यावर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी 1972 मध्ये तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि रशिया भेटींच्या आधी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घडामोडींची शक्यता टक्क्यांत लिहायला लावली. भेटी झाल्यावर, आपण तेव्हा काय लिहिलं होतं ते आठवायला सांगितलं. जे घडलं त्याला आपण आधीच जास्त टक्के दिले होते, असं बहुतेकांना आठवू लागलं. यात लबाडी नव्हती. उत्तर कळलं की जुनी आठवण त्याच्याकडे सरकते. रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर अगदी हेच होतं.

शेवट आधीच कोणी फोडला तर काय? पुस्तक पाच महिने गावात फिरल्यावर पारावर खुन्याचं नाव फुटलेलंच असतं. निकोलस क्रिस्टेनफेल्ड आणि जोनाथन लेविट यांनी 2011 मध्ये बारा लघुकथांवर प्रयोग केला, तेव्हा शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना गोष्टी थोड्या जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. 2015 मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि जुडिथ रोझेनबॉम यांच्या प्रयोगात उलटं निघालं. शिवाय हे निष्कर्ष लघुकथांचे, पाच भाग थांबून वाचलेल्या मालिकेला जसेच्या तसे लावू नयेत. पण पारावरच्या गप्पांचा दुसरा परिणाम पक्का आहे. मॅथ्यू सॅलगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांच्या 2006 च्या प्रयोगात 14 हजारांहून जास्त लोकांनी 48 अनोळखी गाणी ऐकली. इतरांनी कुठली गाणी डाउनलोड केली ते ज्यांना दिसत होतं, त्यांची निवड आधीच्यांच्या मागे गेली, आणि वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर चढली.

म्हणून मत गोळा करायचं तर बोलण्याआधी, चिठ्ठीवर. ग्रंथपालाला हे अर्ध्या तासात उभं करता येतं. पुस्तकाच्या तीन-चतुर्थांशावर, 240 पानं असतील तर 180 व्या पानावर, कागदाची पट्टी चिकटवावी: "इथे थांबा, पहिली चिठ्ठी भरा." त्या चिठ्ठीवर संशयिताचा क्रमांक आणि खात्री शंभरपैकी किती, एवढंच. क्रमांकासाठी सगळ्या पात्रांची यादी छापावी, दूधवाला आणि शेजारीण धरून. फक्त संशयितांची छापली तर यादीच सुगावा देते. दुसरी चिठ्ठी पुस्तक संपल्यावर: दहापैकी गुण, आधीचे किती भाग वाचले, किती दिवसांत वाचलं, शेवट आधी कळला होता का, पहिल्यांदा कुठल्या पानावर अडखळलात. दोन्हींवर सभासदाचा एकच गुप्त क्रमांक. लहान गावात अक्षर ओळखू येतं, म्हणून चौकोनात खुणा करायला द्याव्यात, वाक्यं लिहायला नकोत.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. पहिली चिठ्ठी पुस्तकातच राहते आणि पुढच्याला संशयित कळतो. ती भरल्याबरोबर पेटीत टाकायला लावावी, घर लांब असेल तर पाकीट द्यावं. ग्रंथपाल पुस्तक घेता घेता "आवडलं ना?" विचारतो आणि समोरचा भिडेखातर होकार देतो. हा प्रश्न बंद करावा. फार आवडलं आणि फार खटकलं अशांच्याच चिठ्ठ्या परत आल्या तर दोन ढीग नसतानाही दिसतात, म्हणून दिलेल्या आणि आलेल्या चिठ्ठ्यांचा आकडा वहीत ठेवावा. दहापेक्षा कमी चिठ्ठ्यांवर टक्केवारी काढू नये, सरळ मोजून लिहावं.

मग कमी गुणांच्या चिठ्ठ्या बाजूला काढून बघाव्यात. त्या सगळ्या पंधरा दिवसांहून जास्त घेणाऱ्यांच्या असतील तर पुढच्या भागासोबत पात्रांची अर्ध्या पानाची ओळख जोडावी. तीत नाव, नातं आणि पहिल्यांदा कुठल्या पानावर येतो एवढंच लिहावं. मागच्या भागात कोण मेलं ते लिहू नये, तो भाग अजून न वाचलेले रांगेत असतात. कमी गुण आधीचे भाग न वाचलेल्यांचे असतील तर मालिकेचा पहिला भाग पुन्हा मागवावा. जाणकारांच्या पान क्रमांकांची एकाच जागी गर्दी झाली असेल तर तो उतारा आणि चूक प्रकाशकाला पत्रानं कळवावी. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करायची तर त्यांना पान, ओळ आणि कारण तिन्ही लागतं.