रूट बीअर : चव आणि पारख

रूट बीअर हे उत्तर अमेरिकेतील गोड, फसफसणारे, गडद तपकिरी शीतपेय. नावात बीअर असली तरी दुकानातल्या बहुतेक बाटल्यांत मद्यार्क नसतो. सॅसाफ्रास झाडाच्या मुळांची साल, सार्सापरिला वेलीची मुळे असे जिन्नस उकळून, त्यात साखर व यीस्ट घालून ती पूर्वी घरोघरी करत. फिलाडेल्फियातील औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी १८७६ मध्ये अमेरिकी स्वातंत्र्याच्या शतकमहोत्सवी प्रदर्शनात ती लोकांपुढे मांडली. आधी ते घरी उकळायच्या मसाल्याच्या पुड्या विकत; १८९३ पासून तयार पेय बाटलीतून येऊ लागले.

कोला डोळे मिटूनही ओळखता येतो. रूट बीअरचे तसे नाही. विंटरग्रीन (सुगंधी पानांचे एक अमेरिकी झुडूप), बर्च झाडाची साल, व्हॅनिला, ज्येष्ठमध, लवंग, दालचिनी, जायफळ, काकवी, मध यांतले काय घ्यायचे आणि कशाला पुढे काढायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. गोडा मसाला घरागणिक बदलतो, तसाच हा प्रकार. त्यामुळे चाखणाऱ्याने बाटली चांगली की वाईट हे ठरवण्याआधी तिच्यात कोणता मसाला वर आला आहे ते शोधावे.

मूळची चव मात्र आता बाजारात नाही. सॅसाफ्रासच्या तेलातील मुख्य घटक सॅफ्रोल. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने यकृताचा कर्करोग होतो असे दिसल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६० मध्ये खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला. तेव्हापासून सॅफ्रोल काढून टाकलेला अर्क किंवा कृत्रिम स्वाद वापरतात. लेबलावर ‘जुन्या पद्धतीची’ असे कितीही ठळक छापले, तरी आतली चव १९६० नंतरचीच असते.

आज अनेक बाटल्यांत पहिला वास येतो तो विंटरग्रीनचा, म्हणजे मिथिल सॅलिसिलेटचा. आपल्याकडे गंधपुरा तेल म्हणतात त्यातही हेच द्रव्य असते आणि सांधेदुखीच्या मलमांतही. त्यामुळे अमेरिकेत नव्याने गेलेल्या मराठी माणसाला पहिल्याच घोटाला मुरगळलेला पाय आठवला, तर त्यात नवल नाही. ब्रिटनमधले लोकही औषधासारखी लागते म्हणून नाक मुरडतात. अमेरिकेत वाढलेल्याला मात्र त्याच वासाने व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा घातलेला उंच ग्लास आठवतो. परीक्षकांत असे दोन्ही प्रकारचे लोक असले, तर त्यांच्या गुणांची सरासरी काढण्यात फारसा अर्थ राहत नाही.

चाखताना बाटली तोंडाला लावू नये, ग्लासात ओतावी. आधी फेस पाहावा. युका ही वाळवंटी वनस्पती किंवा चिलीतल्या क्विलाया झाडाची साल यांचा अर्क घातला की दाट, साईसारखा फेस धरतो. रिठ्याच्या पाण्याला फेस आणणारे सॅपोनिनच इथेही काम करते. नुसत्या वायूचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि चटकन बसतो. मग फेस विरायच्या आत वास घ्यावा. पेय बर्फासारखे गार असेल तर वास दबतो आणि गोडीही कमी जाणवते, त्यामुळे सामान्य बाटलीही पास होऊन जाते. घोट घेतल्यावर बहुधा आधी व्हॅनिला, मागून विंटरग्रीनचा गारवा आणि शेवटी ज्येष्ठमधाची रेंगाळणारी गोडी लागते. खरी परीक्षा उरलेल्या अर्ध्या ग्लासाची. तो तसाच ठेवून वायू निघून गेल्यावर पुन्हा चाखावा. मसाला मुळात कमी असेल, तर तेव्हा नुसते साखरेचे पाणी उरते.

साखर थोडीथोडकी नसते. ३५५ मिलिलिटरमध्ये ती बहुधा ४० ग्रॅमच्या वर, म्हणजे दहा चमच्यांहून जास्त. कोलाचा पीएच साधारण २.५, तर रूट बीअरचा ४ च्या आसपास (पीएच जितका कमी, तितके पेय आंबट). आंबटपणाची धार नसल्याने गोडी अंगावर येते. तिला तोडायला मसाल्याचा कडसरपणा आणि वायूची चुणचुण लागते. चाखणारे याला ‘बाइट’ म्हणतात. मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सी येथे १८९८ मध्ये सुरू झालेली बार्क्स ही रूट बीअर याच बाइटसाठी ओळखली जाते आणि तिच्यात कॅफीनही असते, जे रूट बीअरमध्ये सहसा नसते. कॅलिफोर्नियातील लोडाय येथे १९१९ मध्ये सुरू झालेली ए अँड डब्ल्यू व्हॅनिलाकडे झुकलेली, मऊ. या दोघींना एकाच फूटपट्टीने मोजणे अन्यायाचे. आइस्क्रीमबरोबर मात्र तिखट बाजूची बाटली बरी, कारण आइस्क्रीमच मऊपणा पुरवते.

काचेची बाटली अनेकांना आवडते. तिला निदान एक ठोस कारण आहे : प्लॅस्टिकमधून वायू हळूहळू निसटतो, काचेतून नाही.

भारतात या चवीच्या जवळचे पेय म्हणजे दक्षिणेतले नन्नारी सरबत. ते अनंतमुळाच्या, म्हणजे उपळसरीच्या मुळांचे करतात. इंग्रजीत या वनस्पतीला ‘इंडियन सार्सापरिला’ म्हणत असले, तरी अमेरिकी सार्सापरिलाशी तिचे कुळाचे नाते नाही. तिच्या मुळांतले मुख्य सुगंधी द्रव्य व्हॅनिलाला वास देणाऱ्या व्हॅनिलिनचे सख्खे भावंड आहे : रेणूतले अणू तेच, मांडणी वेगळी. उपळसरीचे मूळ मोडून हुंगलेल्या माणसाला रूट बीअरमधला व्हॅनिला चटकन सापडतो. विंटरग्रीनची सवय त्याला वेगळी करावी लागते.